योना नेमका कशाला घाबरला?

योनाचं नाव काढलं की शेजारणी विचारतात, "माशाच्या पोटात राहिला तोच ना तुमचा?" तोच. पण त्याच्या नावाच्या 48 वचनांच्या पुस्तकात माशाच्या वाट्याला जेमतेम तीन आलीत. बाकी सगळं पुस्तक एका पळपुट्या संदेष्ट्याचं आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, हे पुस्तक दरफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला ऐकतो. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब पोटात नसतो आणि दुपारच्या प्रार्थनेत हे वाचन येतं. माणूस उपाशी असला की त्याला गोष्टीतली फट लवकर दिसते, असं माझं मत आहे.

देवानं योनाला सांगितलं, निनवेला जा, तिथल्या दुष्टाईविरुद्ध घोषणा कर. निनवे म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलला लागून, टायग्रिसकाठी. ईशान्येची, खुष्कीची वाट. योनानं याफो बंदर गाठलं, पदरचं भाडं भरलं आणि तार्शीशच्या जहाजात चढला. तार्शीश नक्की कुठलं यावर पंडितांचे वाद आहेत, बरेच जण स्पेनकडे बोट दाखवतात. म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. वादळ उठलं, खलाशी आपापल्या देवांना हाका मारत माल समुद्रात फेकू लागले आणि हा तळाशी गाढ झोपला होता! चिठ्ठी त्याच्याच नावावर निघाली. तरी त्या परक्या खलाशांनी त्याला वाचवायला किनाऱ्याकडे वल्ही मारून पाहिली. समुद्र ऐकेना, तेव्हाच त्याला पाण्यात टाकलं. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्यांचे वंशज आम्ही, असं आमच्यात सांगतात. त्यामुळे मला त्या खलाशांचं जास्त कौतुक.

तो पळाला कशाला? जिवाच्या भीतीनं, असं कुणीही म्हणेल, आणि ते पटण्यासारखंही आहे. निनवे असिरियाचं. त्याच असिरियानं इ.स.पू. 722 च्या सुमारास राजधानी शोमरोन घेऊन उत्तरेचं इस्राएलचं राज्य संपवलं. 701 मध्ये दक्षिणेच्या यहूदा राज्यातलं लाखीश शहर पाडलं, आणि त्या विजयाची शिल्पं असिरियाच्या राजानं निनवेतल्या महालात लावून घेतली. ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत कैद्यांची कातडी सोलतानाही कोरलंय.

पण चौथ्या अध्यायात योना स्वतःच कारण सांगतो, आणि ते वेगळंच आहे. देव दयाळू आहे, या लोकांनी पश्चात्ताप केला तर तो त्यांना माफ करील, हे त्याला आधीच ठाऊक होतं. म्हणून पळालो, म्हणतो.

मला हे वॉर्डात कळलं. मी परिचारिका होते. जळिताच्या वॉर्डात पोलीस पहाऱ्यात एक जण होता. बायकोला पेटवताना स्वतःचे हात भाजून घेतलेला. ती गेली, तो राहिला. रोज सकाळी त्याचं ड्रेसिंग माझ्याकडे. त्याची भीती कसली, दोन्ही हात बँडेजमध्ये! भीती वाटायची ती जखमा छान भरत चालल्या होत्या याची, आणि त्याही माझ्या हातून. मैत्रीण म्हणाली, मेट्रनला सांग आणि बाळंतिणींच्या वॉर्डात ड्यूटी घे. चांगलं तार्शीश होतं ते. मी गेले नाही. पण ड्रेसिंग करताना त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे.

योनाही तसाच. माशानं किनाऱ्यावर ओकून टाकल्यावर तो निनवेला गेला खरा, पण तिथली त्याची घोषणा मूळ हिब्रूत उणीपुरी पाच शब्दांची. चाळीस दिवसांनी शहर उलथणार, बस्स. काय केलं तर वाचाल, ते सांगितलंच नाही. पाय आज्ञेत होते, मन नव्हतं. तरीही राजापासून गुरांपर्यंत सगळ्यांनी गोणपाट पांघरलं, देवानं शहर वाचवलं, आणि हा रुसून बाहेर जाऊन बसला.

देवानं त्याच्या डोक्यावर एक झाड वाढवलं. ते एरंडाचं होतं असं बरेच जण मानतात, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, म्हणून 'शनिवार तेली' म्हटल्या गेलेल्या आमच्या लोकांतल्या मला ते आवडतं. एरंड भराभर वाढतो, पानंही चांगली पंज्याएवढी. दुसऱ्या दिवशी किड्यानं झाड खाल्लं तर योना मरण मागू लागला. मग देवानं विचारलं: न लावलेल्या झाडासाठी तू एवढा कळवळतोस, तर एक लाख वीस हजारांहून जास्त अजाण माणसं आणि इतकी गुरं असलेल्या शहरासाठी मी कळवळू नये?

पुस्तक या प्रश्नावरच तुटतं. योनाचं उत्तर नाही. प्रार्थनेत हे वाचणारा मात्र थांबत नाही, लगेच मीखा संदेष्ट्याची शेवटची तीन वचनं जोडतो, देव पापं समुद्राच्या तळाशी टाकतो अशी. मला ही घाई पटत नाही. मीखाला दहा मिनिटं थांबवलं तर काय बिघडेल?