पेनिसिलीनचे इंजेक्शन : भीती नको, दक्षता हवी

शाळेत जाणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखू लागतो. दोन-तीन दिवस ताप येतो, गिळताना त्रास होतो. घरी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या जातात, हळद घातलेले दूध दिले जाते आणि आठवड्याभरात मूल पुन्हा खेळू लागते. दुखणे बरे झाले असे समजून घरची माणसे निश्चिंत होतात. परंतु दोन-तीन आठवड्यांनी त्याच मुलाचा गुडघा सुजतो. दोन दिवसांनी गुडघा उतरतो आणि घोटा दुखू लागतो, मग मनगट. मूल वाढीला लागले आहे, अंग दुखणारच, असे म्हणून याही दुखण्याकडे दुर्लक्ष केले जाते. पुढे काही वर्षांनी जिना चढताना दम लागू लागला, किंवा मुलगी असल्यास पहिल्या बाळंतपणात धाप लागली, म्हणजे तपासणी होते आणि हृदयाची झडप निकामी झाल्याचे आढळून येते.

या विकारास संधिज्वर किंवा ऱ्हुमॅटिक ताप असे म्हणतात. प्रामुख्याने ५ ते १५ वर्षे वयोगटातील मुलांना तो होतो. दाटीवाटीची वस्ती आणि वेळेवर न मिळणारे उपचार यांमुळे गरिबांच्या घरी तो अधिक आढळतो. विशेष म्हणजे हा रोग बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे आणि तो टाळण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे पेनिसिलीनचे इंजेक्शन होय. असे असूनही या इंजेक्शनाविषयी समाजात दोन विरुद्ध प्रवृत्ती दिसून येतात. काहीजण साध्या सर्दीसाठीही ‘सुई’ मागतात, तर काहीजण पेनिसिलीनचे नाव काढताच घाबरतात. या दोन्ही प्रवृत्ती घातक आहेत. यास्तव या औषधाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

पेनिसिलीन म्हणजे काय?

१९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतूंच्या एका तबकडीत बुरशी वाढलेली दिसली. त्या बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झाले होते. बुरशीतून पाझरणाऱ्या या द्रव्याला त्यांनी पेनिसिलीन हे नाव दिले. पुढे ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शुद्ध स्वरूपात मिळवून रोग्यांवर वापरले. १९४५ साली या तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. आपल्या देशात १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यातून पेनिसिलीनचे देशी उत्पादन होऊ लागले.

पेनिसिलीनचे कार्य समजण्यास कठीण नाही. जंतूच्या पेशीभोवती एक कठीण भिंत असते. जंतू वाढत असताना ही भिंत सतत बांधली जात असते. पेनिसिलीन हे बांधकाम बंद पाडते. भिंत कमकुवत झाली की जंतू फुटून मरतो. मनुष्याच्या पेशींना अशी भिंत नसते. म्हणूनच हे औषध जंतूंना मारते, पण सामान्यतः माणसाला इजा करीत नाही.

यावरूनच त्याच्या मर्यादाही ध्यानात येतील. सर्दी, पडसे, फ्लू, गोवर हे रोग विषाणूंपासून होतात. विषाणूंना अशी भिंतच नसल्याने पेनिसिलीन त्यांच्यावर काहीही परिणाम करीत नाही. हिवतापावरही त्याचा उपयोग नाही. कित्येक जंतूंनी या औषधाला दाद न देण्याची शक्ती मिळविलेली आहे. सुदैवाने घशाला सूज आणून संधिज्वरास कारणीभूत होणारा स्ट्रेप्टोकोकस हा जंतू आजही पेनिसिलीनला पूर्वीइतकाच वश आहे.

तीन प्रकार, तीन पद्धती

पेनिसिलीनचे इंजेक्शन म्हणजे एकच औषध असा समज आहे, तो बरोबर नाही. वापरात असलेले मुख्य प्रकार तीन आहेत.

पहिला, स्फटिकरूप अथवा क्रिस्टलाइन पेनिसिलीन. हे पाण्यासारखे स्वच्छ विरघळते, लवकर काम करते आणि लवकर शरीराबाहेर जाते. त्यामुळे दर चार ते सहा तासांनी ते द्यावे लागते. गंभीर आजारात रुग्णालयात ते शिरेतून देतात.

दुसरा, प्रोकेन पेनिसिलीन. याचा परिणाम सुमारे एक दिवस टिकतो. हे केवळ स्नायूत द्यावयाचे असते.

तिसरा, बेंझाथिन पेनिसिलीन. स्नायूत दिल्यावर तेथे त्याचा साठा होतो व तीन ते चार आठवडे ते थोडे थोडे रक्तात उतरत राहते. घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गावर याचे एकच इंजेक्शन पुरेसे होते. मोठ्यांस साधारणतः १२ लाख युनिट व कमी वजनाच्या मुलांस ६ लाख युनिट अशी मात्रा असते. गरोदर स्त्रीस उपदंश असल्यास वेळीच दिलेल्या या इंजेक्शनाने पोटातील बाळाचेही रक्षण होते. यॉज हा आदिवासी भागातील त्वचा व हाडे विद्रूप करणारा रोग आपल्या देशातून याच औषधाच्या एकेका इंजेक्शनाने हटविण्यात आला. २००३ सालानंतर त्याचा नवा रोगी आढळला नाही आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त असल्याचे मान्य केले.

प्रोकेन व बेंझाथिन हे प्रकार दुधासारखे पांढरे दिसतात. ते चुकूनही शिरेत जाता कामा नयेत. बेंझाथिन पेनिसिलीन शिरेत गेल्यास हृदय बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणूनच कुपीवरील नाव वाचल्याशिवाय औषध भरू नये, हा नियम प्रत्येक परिचारिकेने व डॉक्टराने कटाक्षाने पाळावयाचा असतो.

एकवीस दिवसांचा नेम

घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू झाल्यास संधिज्वर टाळता येतो. मात्र ज्या मुलास एकदा संधिज्वर झाला, त्याला तो पुन्हा होण्याचा धोका फार मोठा असतो. प्रत्येक वेळी हृदयाच्या झडपांवर नवा व्रण पडतो. तो भरताना झडप जाड होते, चिकटते, नीट उघडत नाही वा नीट मिटत नाही. पहिल्या हल्ल्यात थोडीशी बिघडलेली झडप तिसऱ्या-चौथ्या हल्ल्यानंतर शस्त्रक्रियेवाचून सुधारेनाशी होते.

हे टाळण्यासाठी अशा मुलांना दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीन द्यावे लागते. आपल्याकडे बहुधा एकवीस दिवसांचे अंतर ठेवतात. हृदयास बाधा झालेली नसेल तरीही हा क्रम किमान पाच वर्षे चालवावा लागतो. बाधा असल्यास दहा वर्षे किंवा त्याहून अधिक, प्रसंगी आयुष्यभर. किती काळ घ्यावयाचे हे डॉक्टरच ठरवितात.

येथेच अनेक कुटुंबे चुकतात. मूल धावते, खेळते, शाळेत जाते. मग निरोग्या मुलाला दर महिन्याला सुई कशासाठी टोचावयाची, असे पालकांना वाटते. पेरणीचे किंवा सुगीचे दिवस येतात, मजुरी बुडते, केंद्र दूर असते, आणि एक तारीख चुकते. मग दुसरी चुकते. परंतु हे इंजेक्शन झालेल्या दुखण्यासाठी नसून पुढे येऊ शकणाऱ्या दुखण्यासाठी आहे. बांध फुटल्यावर माती टाकण्यापेक्षा पावसाळ्यापूर्वीच तो मजबूत करणे शेतकऱ्याला चांगले कळते. त्यातलाच हा प्रकार आहे.

वावडे आणि प्रतिक्रिया

पेनिसिलीनची भीती वाटण्याचे मुख्य कारण म्हणजे त्याचे वावडे. काहींच्या अंगावर गांध्या उठतात, खाज सुटते. फारच थोड्या लोकांत प्रतिक्रिया तीव्र स्वरूपाची असते. ओठ व घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब एकदम घसरतो व रोगी बेशुद्ध पडतो. वेळीच उपाय न झाल्यास प्राण जाऊ शकतो. हे खरे असले तरी त्याचे प्रमाण किती, हेही पाहिले पाहिजे. संधिज्वराच्या रुग्णांची अकरा देशांत पाहणी होऊन तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात ३२ हजारांहून अधिक इंजेक्शनांमागे तीव्र प्रतिक्रिया चार आढळल्या व मृत्यू एक झाला. धोका अत्यल्प आहे, पण शून्य नाही. म्हणूनच तयारी प्रत्येक वेळी पूर्ण हवी.

इंजेक्शनापूर्वी रुग्णास नेमके प्रश्न विचारले पाहिजेत. पूर्वी पेनिसिलीन किंवा ॲमॉक्सिसिलीनसारखे औषध घेतल्यावर गांध्या, सूज, धाप असा त्रास झाला होता काय? दम्याचा विकार आहे काय? त्रास झाला असल्यास रुग्णाने तो लपवू नये. अशांसाठी एरिथ्रोमायसिनसारखी दुसरी औषधे उपलब्ध आहेत.

आपल्याकडे कातडीत थोडे औषध टोचून चाचणी घेण्याची पद्धत आहे. चाचणी झाली म्हणजे धोका टळला, असा मात्र समज करून घेऊ नये. चाचणीत काही न दिसलेल्या व्यक्तीसही क्वचित त्रास होऊ शकतो, आणि क्वचित चाचणीनेच प्रतिक्रिया येऊ शकते. शिवाय आधीची अनेक इंजेक्शने निर्वेध पार पडली असली तरी पुढच्या वेळी दक्षता सैल करता येत नाही.

तीव्र प्रतिक्रियेवर पहिले व मुख्य औषध ॲड्रिनॅलिन हे आहे. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत ताबडतोब द्यावयाचे असते. रुग्णास आडवे निजवून पाय उंच करावेत, श्वास घेणे कठीण जात असल्यास टेकून बसवावे, प्राणवायू द्यावा व मोठ्या रुग्णालयात हलवावे. ॲड्रिनॅलिनची कुपी कपाटात कुलूपबंद असून उपयोगाची नाही. ती हाताशी हवी व तिची मुदत संपलेली नसावी. जेथे ॲड्रिनॅलिन नाही तेथे पेनिसिलीन टोचून घेऊ नये, इतके प्रत्येक नागरिकाने लक्षात ठेवावे.

इंजेक्शनानंतर अर्धा तास केंद्रावरच थांबावे. कामाची घाई असली तरी हा अर्धा तास वाचवू नये. उपाशीपोटी येऊ नये. थोडे खाऊन, पाणी पिऊन यावे. इंजेक्शन आडवे होऊन घेणे चांगले, कारण भीतीने व वेदनेने घेरी येऊन पडणारे रुग्ण पुष्कळ असतात. ज्यांच्या झडपा फारच बिघडल्या आहेत अशा रुग्णांना अशी घेरीही घातक ठरू शकते. २०२२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने या धोक्याकडे लक्ष वेधून अशा रुग्णांसाठी तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांचा विचार करावा, असे सुचविले आहे. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा आहे. रुग्णाने आपल्या मनाने इंजेक्शन बंद करू नये.

सुई स्वच्छ, हात जाणता

पूर्वी काचेची सिरिंज पाण्यात उकळून पुन्हा वापरीत. आता एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या सिरिंजा सर्वत्र मिळतात. सुई व सिरिंज नव्या बंद वेष्टनातून आपल्यासमोर काढली जात आहे याची खात्री करून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा परिसरात यकृताच्या हेपटायटिस बी या रोगाची साथ पसरून अनेकांचे प्राण गेले. वापरलेल्या सुया व सिरिंजा पुन्हा वापरल्याने ती फैलावल्याचे तपासात दिसून आले. औषध चांगले असूनही सुई दूषित असेल तर उपचारच रोग ठरतो.

बेंझाथिनची भुकटी इंजेक्शनासाठीच्या निर्जंतुक पाण्यात नीट मिसळून, जाड सुईने, मोठ्या स्नायूत खोलवर व सावकाश द्यावी लागते. सुई रक्तवाहिनीत गेलेली नाही याची खात्री करावी लागते. मज्जातंतूस इजा झाल्यास पाय लुळा पडू शकतो, म्हणून जागाही अचूक हवी. यास्तव हे इंजेक्शन डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरून प्रशिक्षित व्यक्तीनेच द्यावे. औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून पेनिसिलीन विकणे वा घेणे नियमबाह्य आहे.

शिक्षक व ग्रामस्थांचे सहकार्य

वर्गातील एखादे मूल वारंवार घसादुखीने गैरहजर राहते, एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणारे दुखणे सांगते, खेळताना इतरांपेक्षा लवकर धापा टाकते, किंवा त्याचे हात आपोआप हलून अक्षर एकाएकी बिघडते, हे शिक्षकांच्या नजरेस प्रथम येते. अशा मुलास शिक्षा न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत संधिज्वरजन्य हृदयरोगाचाही समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी अशी मुले हजर राहतील, एवढे पाहिले तरी मोठे काम होईल.

इंजेक्शन चालू असलेल्या मुलाच्या पुढच्या तारखेची नोंद घरच्या दिनदर्शिकेवर करावी. कुटुंब कामासाठी दुसऱ्या गावी जाणार असेल तर उपचाराचे कार्ड सोबत न्यावे, म्हणजे तेथील केंद्रात क्रम पुढे चालू राहील. केंद्रावरील अधिकाऱ्यांनीही प्रतिक्रियेच्या धास्तीने इंजेक्शन नाकारण्याऐवजी ॲड्रिनॅलिन, प्राणवायू व प्रशिक्षित कर्मचारी यांची सिद्धता ठेवावी, औषधाचा साठा संपण्यापूर्वी मागणी नोंदवावी आणि तारीख चुकविणाऱ्या मुलांच्या घरी आरोग्यसेविकेस पाठवावे. दर एकवीस दिवसांनी ठरलेल्या तारखेस मूल केंद्रावर आणले गेले, तर त्याचे हृदय पुढील हल्ल्यांपासून सुरक्षित राहू शकते.