कोऱ्या कागदावरचं झाड

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

जपानहून परतलेल्या एका मित्रानं २०११ साली मला भिंतीवरचं एक कॅलेंडर आणून दिलं होतं. त्यातल्या जानेवारीच्या पानावर जवळजवळ काहीच नव्हतं. वरपासून खालपर्यंत पांढरं आणि मधोमध, एका बाजूला जरासं कललेलं, पानं झडलेलं एक झाड. आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिनं चष्मा लावून चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "अरे, एवढा कागद कोरा का सोडलाय?" थोड्या वेळानं परत विचारलं, "आणि हे शेत कुणाचं?"

मी गोंधळलो. शेत? मला शेत दिसलंच नव्हतं. पण आईचं माहेर शेतकऱ्याचं. उतारावर एकटं झाड दिसलं की ते कुणाच्या तरी रानात असणार, हे तिला वेगळं सांगावं लागत नाही. तिच्या या दोन प्रश्नांनाच धरून आज बोलणार आहे.

ते झाड होतं होक्काइदो बेटावरच्या बिएई नावाच्या गावातलं. जपानच्या अगदी उत्तरेला असलेल्या या बेटावर हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडे, गारठलेले वारे येतात. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्यावरून येताना ते वाफ उचलतात आणि डोंगरांना अडून ती बर्फाच्या रूपानं खाली टाकतात. आपल्याकडे अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडतात तसाच हा प्रकार, फक्त पावसाच्या जागी बर्फ. हा बर्फ महिनोन् महिने राहतो. त्याखाली पायवाटा, बांध, ढेकळं, गवत, सगळं झाकलं जातं. आभाळ ढगाळ असलं तर जमीन कुठं संपली आणि आभाळ कुठं सुरू झालं हेही कळत नाही. उरतं ते फक्त बर्फाच्या वर डोकं काढून असलेलं: एखादं झाड, कुंपणाचे खांब, विजेचा एखादा डांब.

इंग्लंडमधल्या विडनेस या कारखान्यांच्या गावी १९५३ साली जन्मलेले मायकेल केन्ना हे छायाचित्रकार या उरलेल्या वस्तूंच्या मागे वर्षानुवर्षं होक्काइदोला जात राहिले. त्यांची छायाचित्रं कृष्णधवल, चौकोनी आणि आकारानं जेमतेम वीतभर असतात. एवढी लहान की पाहणाऱ्याला भिंतीजवळ जावंच लागतं, आणि जवळ गेलेला माणूस आपोआप गप्प होतो. त्यांच्या एका चित्रात बर्फाच्या टेकडीवर एक कुंपण वळणं घेत वर चढत गेलंय. बाकी काही नाही. पण पाहता पाहता मनात येतं, हे घातलं कुणी? एवढ्या थंडीत ते कशाला अडवतंय? टेकडीपलीकडे काय असेल?

गोष्ट सुरू होते ती इथं. भरलेल्या चित्रात डोळा एका वस्तूवरून दुसरीवर उड्या मारत राहतो. इथं त्याला दुसरीकडे जायला जागाच नसते. तो त्याच झाडाकडे परत परत येतो आणि मग त्याला झाडाचा कल दिसतो, वाऱ्याची दिशा दिसते, तुटलेली फांदी दिसते. ज्या बाजूला झाड झुकलंय त्या बाजूला मोकळी जागा जास्त ठेवली, तर ते कुणाची वाट पाहतंय असं वाटतं. तीच जागा पाठीमागं ठेवली की ते काहीतरी सोडून निघालंय असं वाटू लागतं. बर्फात पावलांची एकच रांग असेल तर भूतकाळच उभा राहतो. कुणीतरी गेलं, आणि परत आलेलं नाही.

ही युक्ती काही कॅमेऱ्यानं शोधलेली नाही. सोळाव्या शतकातल्या हासेगावा तोहाकू या चित्रकारानं पडद्यांच्या जोडीवर शाईनं धुक्यातले पाईन वृक्ष काढले. त्या चित्रात झाडांपेक्षा कोरा कागद जास्त आहे आणि तरीही तो कागद न वाटता धुकंच वाटतो. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात हे पडदे जपून ठेवलेले आहेत. तेव्हा आईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की तो कागद कोरा सोडलेला नसतो. झाडाइतकाच तोही चित्रात असतो.

मात्र हे काम दिसतं तितकं सोपं नाही. हे मी मनालीजवळ फजिती करून घेऊन शिकलो. मोठ्या हौसेनं बर्फाचे फोटो काढले आणि घरी येऊन पाहतो तर सगळा बर्फ चुलीतल्या राखेच्या रंगाचा! कारण साधं आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. त्याला भरपूर पांढरं दिसलं की तो समजतो, उजेड फार झाला, आणि प्रकाश कमी करतो. म्हणून बर्फात त्याचं न ऐकता त्यानं सांगितल्याच्या दुप्पट ते चौपट प्रकाश द्यावा लागतो. त्याहून जास्त दिला की बर्फावरची बारीक चुरगळ पुसली जाते आणि मग खरोखरच कोरा कागद उरतो. बॅटरीही थंडीत लवकर मान टाकते, ती खिशात अंगाच्या उबेला ठेवायची. आणि कॅमेरा बाहेरून गरम खोलीत आणताना आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा, नाहीतर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं त्याला पाणी सुटतं.

केन्ना यांनी कुश्शारो सरोवराच्या काठच्या एका ओकच्या झाडाचे फोटो अनेक हिवाळ्यांत काढले. पाण्यावर ओणवं झालेलं ते झाड कधी धुक्यात, कधी गोठलेल्या सरोवरावर दिसतं. एखाद्या आप्ताला दर वर्षी भेटावं तसे ते त्याला भेटत राहिले. २००९ साली ते झाड धोकादायक ठरवून तोडण्यात आलं. ती चित्रं आज पाहताना हे माहीत असेल तर त्यातला कल वेगळाच दिसतो.

आता आईचा दुसरा प्रश्न. माझ्या मते तो पहिल्यापेक्षा अवघड आहे.

बिएई हे मुळात शेतकऱ्यांचं गाव. गहू, बटाटा, शुगर बीट ही तिथली पिकं. शिंझो माएदा या जपानी छायाचित्रकारानं तिथल्या लाटांसारख्या टेकड्यांचे फोटो देशभर पोचवले आणि १९८७ साली तिथल्याच एका बंद पडलेल्या शाळेत आपलं कलादालन उघडलं. एका झाडाचं चित्र मोटारीच्या जाहिरातीत आलं, दुसऱ्याचं सिगारेटच्या पाकिटावर. झाडांना नावं पडली. माझ्या कॅलेंडरमधल्या त्या कललेल्या पॉप्लरला लोक 'तत्त्वज्ञ वृक्ष' म्हणायचे, मान झुकवून विचार करत उभा असल्यासारखा दिसतो म्हणून. निम्मी गोष्ट त्या नावानंच सांगून टाकली होती.

पण तत्त्वज्ञ उभा होता तो एका शेतकऱ्याच्या खाजगी शेतात. आणि हिवाळ्यात शेत दिसत नाही, हीच तर या चित्रांची किमया! ज्या बर्फानं बांध झाकून चित्र सुंदर केलं, त्याच बर्फामुळं फोटो काढायला आलेल्या माणसाला आपण कुणाच्या पिकावर उभे आहोत हे कळेनासं झालं. शरद ऋतूत पेरलेला गहू बर्फाखाली जिवंत असतो. वरून माणसं चालली की बर्फ दाबला जाऊन घट्ट होतो, उशिरा वितळतो आणि खालची रोपं कुजतात. बुटांना चिकटून आलेल्या मातीतून बटाट्याची कीडही एका रानातून दुसऱ्या रानात जाते. पाट्या लावून झाल्या. झाडाच्या खोडावर रंगानं फुली मारून झाली, निदान त्या फुलीमुळं तरी फोटो बिघडेल आणि लोक यायचे थांबतील म्हणून. ते थांबले नाहीत. झाडही म्हातारं झालं होतं. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी मालकानं ते पाडलं.

वर्तमानपत्रांत हळहळ व्यक्त झाली. मलाही वाईट वाटलं, कॅलेंडरचं ते पान मी जपून ठेवलं होतं. पण सगळ्या कोऱ्या जागेत आपण ज्याची ज्याची कल्पना केली, एकाकीपणाची, चिंतनाची, शांततेची, त्यात तो शेतकरी कुठंच नव्हता, हे मात्र मला खटकत राहिलं. केन्ना किंवा माएदा यांना मी दोष देत नाही. त्यांनी काय वगळायचं ते विचार करून वगळलं होतं. त्यांच्या मागून गेलेल्या आमच्यासारख्या हौशी लोकांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

२०२५ च्या जानेवारीत त्याच गावात रस्त्याकडेची बर्चची सुमारे ४० झाडं तोडली गेली. फोटोसाठी तिथं गाड्यांची आणि माणसांची इतकी गर्दी व्हायची की गावकऱ्यांना रस्ता वापरणं मुश्कील झालं होतं. बातमी वाचून मी आईला फोन केला आणि सगळी हकीकत सांगितली. तिला त्या गर्दीचं फारसं काही वाटलं नाही.

"झाडांची रांग रानाला लागून होती का?" तिनं विचारलं.

होती, म्हटलं.

"मग सावली पडत असणार पिकावर," आई म्हणाली.

बातमीत तेही एक कारण दिलेलं होतं.