गोळीचे पैसे दिले, सल्ल्याचे?

औषधाच्या दुकानात डिस्काउंट किती, हे आपण हक्कानं विचारतो. गोळी जेवणाआधी की नंतर, हे विचारायचं राहून जातं. फार्मासिस्टच्या सल्ल्याला वेगळी फी असावी का, हा विषय निघाला की काही समजुती हमखास पुढे येतात.

गैरसमज : मेडिकलवाला म्हणजे दुकानदारच.
वस्तुस्थिती : दुकान कोणाचंही असो, १९४८च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. डी. फार्म. म्हणजे दोन वर्षांचं शिक्षण आणि वर किमान ५०० तासांचं प्रशिक्षण. काउंटरवरचा प्रत्येक जण फार्मासिस्ट नसतो, हेही खरं.

गैरसमज : सल्ल्याचे पैसे औषधाच्या किमतीत आलेच.
वस्तुस्थिती : २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात, कमाल किंमत ठरवलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के धरले आहेत. भाडं, पगार, वीजबिल त्यातूनच. शिवाय ही रक्कम औषधाच्या किमतीवर ठरते. इन्हेलर कसा ओढायचा हे दहा मिनिटं शिकवलं काय आणि नुसतं खोकं हातात ठेवलं काय, मिळकत तीच.

गैरसमज : सल्ल्याची फी घेणं बेकायदा आहे.
वस्तुस्थिती : २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी फार्मासिस्टच्या फीचा विचार केला आहे. ती सेवा देण्याआधी सांगायची, औषध हातात दिल्यावर नाही. मात्रा, दुष्परिणाम, साठवण, चुकलेली गोळी यांविषयी रुग्णाला समजावणं हे याच नियमांनी त्याचं काम मानलं आहे.

गैरसमज : लोक दमडीही देणार नाहीत.
वस्तुस्थिती : पाहणीत ‘किती द्याल?’ या प्रश्नाला ‘शून्य’ म्हणणाऱ्यांत दोन प्रकार असतात. काहींना सेवाच नको असते. काहींना ती हवी असते, पण पैसे सरकारनं किंवा विम्यानं भरावेत असं वाटतं. दोघांना एकाच मापानं मोजलं की निष्कर्ष फसतो. उलट, तोंडी कबूल केलेली रक्कम प्रत्यक्षात खिशातून निघेलच, असंही नाही.

गैरसमज : फी म्हणजे रुग्णाच्याच खिशाला कात्री.
वस्तुस्थिती : इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजनेत घसादुखी, कानदुखी अशा सात तक्रारींवर फार्मासिस्ट सल्ला आणि गरजेप्रमाणे औषध देतात. सल्ल्याचे पैसे तिथली सरकारी आरोग्यसेवा दुकानाला देते.

फी कोणी भरायची, हा धोरणाचा प्रश्न. पण जो सल्ला कधी मिळालाच नाही, त्याचं मोल ग्राहक ठरवणार कसं? पुढच्या वेळी दुकानातले फार्मासिस्ट कोण ते विचारा आणि औषध नीट समजून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.