मुलीला एमएस्सी अ‍ॅग्री करायचंय? कॉलेज निवडण्याआधी एवढं बघा

आपल्या गटांतल्या काही घरांत आता मुली बीएस्सी अ‍ॅग्री होऊ लागल्यात. पदवी हातात आली की पाहुणे विचारतात, "आता लग्नाचं काय?" मुलगी म्हणते, "मला पुढं शिकायचंय." मग गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज येतो. आईला एवढंच माहीत असतं, की मुलगी "एमएस्सी करते" म्हणतेय. कुठं, कशात आणि कशासाठी, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. दोन वर्षांचा वेळ आणि घरचा पैसा जाणार असेल, तर आईलाही हे समजलं पाहिजे. म्हणून ही माहिती.

पहिला प्रश्न : एमएस्सी लागतेच का?

आधी मुलीला शांतपणे विचारा, "पुढं तुला काय व्हायचंय?"

तिला कृषी खात्यात अधिकारी व्हायचं असेल, तर लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेला कृषी पदवी पुरते. बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेलाही पदवीच लागते. खतं-औषधांचं कृषी सेवा केंद्र काढायचं असेल, तरी परवान्यासाठी एमएस्सीची गरज नाही. अशा मुलीनं दोन वर्षं एमएस्सीला घालवण्याऐवजी परीक्षेचा अभ्यास केला, किंवा दुकानाची तयारी केली, तर जास्त बरं.

एमएस्सी लागते ती संशोधनाला आणि शिकवण्याच्या कामाला. कृषी विज्ञान केंद्रात जे विषय विशेषज्ञ असतात, त्यांना त्या विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. आपल्या जिल्ह्यात कणेरी आणि तळसंदे इथं अशी केंद्रं आहेत. कृषी महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं असेल तर एमएस्सीनंतर नेट किंवा पीएचडी, म्हणजे आणखी काही वर्षं. हा रस्ता लांबचा आहे, हे घरात सगळ्यांनी आधीच समजून घ्यावं.

दुसरा प्रश्न : कोणत्या विषयात?

एमएस्सी अ‍ॅग्री म्हटलं की एकच शिक्षण असं नसतं. कृषिविद्या म्हणजे पीक घेण्याचं शास्त्र : पेरणी, अंतर, खत, पाणी, तण. उद्यानविद्येत फळं, भाज्या, फुलं येतात. नवीन वाण तयार करणं हे वनस्पती पैदासशास्त्राचं काम. कीड आणि रोग यांचे दोन वेगळे विषय आहेत. माती तपासणीचा वेगळा, बाजार आणि हिशेबाचा कृषी अर्थशास्त्र वेगळा, आणि शेतकऱ्यांपर्यंत माहिती नेण्याचा विस्तार शिक्षण हाही वेगळा.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा असतो. एकूण ७० श्रेयांकांपैकी ३० एकट्या प्रबंधाचे असतात. म्हणजे जवळजवळ निम्मी पदवी ही एका प्रयोगावर उभी असते. मुलगी एक प्रश्न घेते, शेतात किंवा प्रयोगशाळेत त्यावर काम करते, मोजमाप ठेवते आणि शेवटी लिहून मांडते. म्हणून विषय तिच्या आवडीचा असावा. मैत्रिणीनं घेतला म्हणून आपणही घेतला, असं इथं चालत नाही.

तिसरा प्रश्न : कुठं?

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं आहेत : राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. कोल्हापूर जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात येतो. पण चंदगडचं हवामान अर्धं कोकणासारखं आहे. पाऊस भरपूर, जमीन तांबडी, शेतात भात, नाचणी, काजू आणि ऊसही. त्यामुळे आपल्या मुलीनं दोन्ही बाजूंना बघावं.

*कोल्हापूर.* इथलं कृषी महाविद्यालय राहुरी विद्यापीठाचंच आहे, १९६३ सालचं. घराजवळ, एसटीनं जाता-येता येण्यासारखं. कोल्हापुरात नाचणीवर काम होतं, 'फुले नाचणी' हा वाण इथलाच. ऊस आणि गुळाचं संशोधन केंद्रही शहरातच आहे.

*राहुरी.* विद्यापीठाचं मुख्य ठिकाण, अहिल्यानगर जिल्ह्यात. विषय जास्त, प्रयोगशाळा मोठ्या. आपण लावतो तो इंद्रायणी भात याच विद्यापीठाच्या वडगाव मावळ केंद्रातून आला. उसाचं मोठं काम पाडेगावला चालतं. घरापासून मात्र लांब, आणि हवामान आपल्यापेक्षा अगदी वेगळं, कोरडं.

*दापोली.* डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. काजूत रस असेल तर हे नाव यादीत असायलाच हवं. आपल्याकडं लावतात ती वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही काजूची कलमं याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातली. काजू सोलणं, फणस-आंब्याची प्रक्रिया, साठवण यात पुढं जायचं असेल, तर रायगड जिल्ह्यात रोह्याजवळ किल्ला इथं काढणीपश्चात तंत्रज्ञानाची त्यांची वेगळी पदव्युत्तर संस्था आहे. चंदगडात एवढे काजू कारखाने असताना हा विषय शिकलेली मुलगी उपयोगी पडेल.

*धारवाड.* बेळगावच्या पुढं असल्यानं अंतरानं जवळ वाटतं, आणि विद्यापीठ नावाजलेलं आहे. पण ते कर्नाटकात. आपल्या मुलीला तिथं जायचं तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि महाराष्ट्र सरकारची फी सवलत तिथं मिळेल असं धरून चालू नये.

राज्यातल्या विद्यापीठांसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा असते. दोन्ही परीक्षांची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षातच सुरू करावी.

भेट द्या, आणि हे विचारा

शक्य असेल तर प्रवेशाआधी एकदा मुलीबरोबर जाऊन या. तिथं शिकणाऱ्या दोन-तीन मुलींशी बोला. त्यांना विचारायचे प्रश्न असे :

- या विषयात मार्गदर्शक कोण आहेत? सध्या कोणत्या पिकावर काम चालू आहे?
- विषयाच्या जागा किती? आधीच्या मुलींचा प्रबंध वेळेत पूर्ण झाला का?
- मुलींच्या वसतिगृहात जागा मिळते का, की बाहेर खोली घ्यावी लागते?
- प्रयोगासाठी मजूर, नमुने तपासणी, छपाई यांचा खर्च मुलीला करावा लागतो का?
- इथून शिकून गेलेल्या मुली आज काय करतात?

प्रबंधाच्या वेळेचं महत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको. नाचणीवरचा प्रयोग खरिपातच होतो. हंगाम हुकला की पुढच्या पावसाची वाट बघावी लागते, आणि दोन वर्षांचे तीन वर्षं व्हायला वेळ लागत नाही.

पैशाचं गणित

आधी सवलत बघा, मग कर्ज. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होतं. कृषी शिक्षणही त्यात आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. मुलीच्या अभ्यासक्रमाला आणि त्या कॉलेजला सवलत लागू आहे का, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्या. वसतिगृह आणि मेसचा खर्च यात नसतो. अल्पभूधारक घरातल्या मुलीनं पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचीही चौकशी करावी.

कागद आधीच तयार ठेवा : उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, आणि सगळ्यात वेळ खाणारं जात पडताळणी प्रमाणपत्र.

एवढं करूनही पैसे कमी पडले, तर बँकेचं शैक्षणिक कर्ज आणि गटाचं कर्ज शेजारी ठेवून बघा. गटात दरमहा २ टक्के व्याज असेल, तर ते वर्षाला २४ टक्के झालं. ५० हजारांवर महिन्याला १ हजार रुपये नुसतं व्याज, आणि हप्ता लगेच सुरू. बँकेच्या शैक्षणिक कर्जात साधारण ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षानं सुरू होते. त्या काळातही व्याज चढत राहतं, हे मात्र ध्यानात ठेवा. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. गटाचं कर्ज प्रवासाला, अनामत रकमेला, अडीनडीला ठेवावं.

फसू नका

"घरबसल्या एमएस्सी अ‍ॅग्री, परीक्षा नाही, हमखास पदवी" असा फोन आला किंवा जाहिरात दिसली, तर तिथंच थांबा. शेतीची पदवी दूरशिक्षणानं द्यायची नाही, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये ठरवलं आहे. खासगी किंवा परराज्यातलं कॉलेज असेल, तर त्याला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची मान्यता आहे का ते आधी तपासा. मान्यता नसलेल्या कॉलेजची पदवी पुढच्या प्रवेशाला आणि नोकरीला अडते. एजंटाच्या हातात रोख पैसे देऊ नका. फी भरायची ती कॉलेजच्या खात्यावर, पावती घेऊन.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ज्यांच्या मुली कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांची नावं ग्रामसंघात लिहून ठेवा. दोघी-तिघी असतील तर चौकशीला एकत्र जा, गाडीखर्चही वाटला जाईल. आणि घरात निर्णय होताना मुलीला समोर बसवा. शेतात प्रयोग तिला करायचाय, म्हणून विषय तिनंच निवडू दे.