काटकसरीचा बाज: सॅन पेड्रोचे मिनटमेन

मिनटमेन या तिघांच्या अमेरिकन पंक बँडची पहिली तबकडी, 'पॅरानॉइड टाइम', 1980 साली निघाली. तिच्यावर सात गाणी आहेत आणि सगळी मिळून सात मिनिटंही भरत नाहीत. पुढच्या वर्षीची 'द पंच लाइन' ऐका: अठरा गाणी, पंधरा मिनिटं. रॉक ऐकणाऱ्या माणसाला हा प्रकार प्रथम थट्टेचा वाटतो, मग अर्धवट वाटतो. कानाची तयारी होण्याआधीच गाणं संपलेलं असतं, आणि पुढचं सुरू झालेलं असतं. याचा उलगडा बहुतेक जण दोन तऱ्हांनी करतात. पंक म्हणजे तरण्या पोरांचा संताप, आणि संतापाला दम कमी, हा एक. दुसरा याहून तुच्छतेचा: यांना वाजवता येत नसेल, म्हणून लवकर आटोपतात. दुसरा उलगडा तबकडी ऐकताच बाद होतो, कारण तिघेही पक्क्या हाताचे वादक होते. पहिलाही मला पटत नाही. मिनटमेनचं संगीत आखूड झालं ते हिशेबाच्या वहीतून, आणि ती वही त्यांनी इतक्या गांभीर्याने घेतली की तिचीच पुढे शैली झाली.

सॅन पेड्रो हे लॉस एंजेलिसचं बंदर. हॉलिवूडपासून मोटारीने तासाभराच्या आत पोचता येईल एवढंच लांब, पण गोदी कामगार, मच्छीमार आणि नौदलाची माणसं यांचं गाव. मिनटमेनमधले डी. बून आणि माइक वॉट इथे वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास दोस्त झाले. वॉटचे वडील नौदलात, बून सरकारी वस्तीत राहणारा. महायुद्धाच्या काळातल्या बराकींची ती घरं होती. पोरांनी रस्त्यावर उंडारण्यापेक्षा घरात वाजवत बसावं म्हणून बूनच्या आईने मुलाच्या हाती गिटार दिली आणि वॉटला बेस घ्यायला सांगितलं. बेस हे निराळंच वाद्य असतं हे वॉटला ठाऊक नव्हतं. चार तारांची गिटार एवढीच त्याची कल्पना. पुढली काही वर्षं दोघं क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल आणि ब्लू ऑयस्टर कल्ट या रॉक बँडांची गाणी घोटत बसले. स्वतःचं गाणं रचणं हे आपल्यासारख्यांचं काम असू शकतं, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. स्टेडियम भरवणारा रॉक ऐकत वाढलेल्या पिढीची ती सर्वसाधारण समजूत होती: गाणारे तिकडे वर, ऐकणारे इकडे खाली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी हॉलिवूडच्या पंक कार्यक्रमांना गेल्यावर त्यांना दिसलं की मंचावरचे लोक आपल्याइतकेच साधे आहेत, काही तर आपल्याहून कच्चे, आणि तरी स्वतःची गाणी बिनदिक्कत म्हणताहेत. पंकने त्यांना सूर दिला नाही, परवानगी दिली. आधी 'रिअ‍ॅक्शनरीज' नावाचा बँड झाला, तो मोडला, आणि 1980 च्या आरंभी मिनटमेन उभा राहिला. पहिला ड्रमर वेल्डर होता. प्रेक्षकांच्या थुंकण्याला वैतागून तो लवकरच निघून गेला. त्याच्या जागी रिअ‍ॅक्शनरीजचाच जुना गडी जॉर्ज हर्ली आला, आणि हे त्रिकूट शेवटपर्यंत टिकलं.

त्यांच्या बोलीत एक शब्द सतत येतो, 'इकॉनो'. कमी पैशात, स्वतःच्या हाताने, फुकट न घालवता करायचं ते सगळं इकॉनो. ब्लॅक फ्लॅग या पंक बँडचा गिटारवादक ग्रेग गिन याने काढलेल्या एसएसटी या छोट्या कंपनीकडून त्यांच्या तबकड्या निघत. स्टुडिओ घ्यायचा तो भाडं कमी असेल अशा आडवेळी, बहुधा रात्री. टेप घ्यायची ती आधी कुणी वापरलेली. आणि गाणी ध्वनिमुद्रित करायची ती तबकडीवर ज्या क्रमाने येणार त्याच क्रमाने, म्हणजे नंतर कापाकापी करून जुळवणी करण्याचा खर्च वाचतो. ही शेवटची युक्ती मला फार बोलकी वाटते. क्रम आधी ठरलेला हवा, म्हणजे एकूण तबकडीचा आकार डोक्यात आधी पक्का हवा. तालीम घरी पुरी झालेली हवी. आणि चुकलं तर पुन्हा वाजवायला फार वाव नाही, तेव्हा गाण्यात चुकायला जागाच कमी ठेवायला हवी. बँड दौऱ्यावर निघाला की व्हॅन स्वतः हाकायची, सामान स्वतः चढवायचं-उतरवायचं. वॉट जगाची विभागणी दोनच खात्यांत करी: कार्यक्रम आणि कार्यक्रमाची हस्तपत्रकं. तबकडी, मुलाखत, व्हिडिओ ही सगळी पत्रकं. प्रत्यक्ष समोर वाजवणं तेवढं खरं. रॉकचा सारा व्यापार याच्या उलट चालतो. तिथे दौरा हा तबकडी खपवण्यासाठी असतो.

आता हा हिशेब संगीतात कसा उतरला ते पाहू. ब्रिटनच्या वायर या बँडची 'पिंक फ्लॅग' ही 1977 ची तबकडी त्यांच्या कानावर पडली होती: पस्तीसेक मिनिटांत एकवीस गाणी. मुद्दा मांडून झाला की गाणं थांबवावं, ध्रुवपद परत परत आळवण्याची सक्ती नाही, हे त्यांनी तिथून घेतलं. पण वायरची गाणी थंड डोक्याची, कोरीव. मिनटमेनच्या गाण्यांत फंकचा ठेका आहे, जॅझची मोकळीक आहे, कॅप्टन बीफहार्ट या विक्षिप्त रॉकगायकाचा वाकडेपणा आहे. खरी गंमत वाद्यांच्या वाटणीत. रॉकमध्ये गिटार हा जमीनदार असतो. खालचे सूरही तोच व्यापतो आणि बेसला त्याच्या सावलीत कसंबसं उभं राहावं लागतं. बूनने आपल्या गिटारमधून खालचे सूर जवळजवळ काढूनच टाकले. तिचा आवाज पातळ, तीक्ष्ण, पत्र्यावर नखं ओढल्यासारखा उरला. मोकळ्या झालेल्या जागेत वॉटचा बेस आला, तोही चाल गुणगुणत, वळणं घेत, कधी गिटारच्या पुढे धावत. हर्लीच्या ड्रमला नुसता ताल धरण्यापलीकडे बोलायला सवड मिळाली. ही मांडणी राजकीय होती असं वॉटने अनेकदा सांगितलं आहे: तिघांत कुणी धनी नाही, कुणी चाकर नाही. समतेवर गाणी लिहिणारे पुष्कळ आहेत. समता गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर आणून बसवणारे विरळा.

हे सगळं एकत्र ऐकायचं तर त्यांच्या 'कोरोना' या गाण्याजवळ जरा थांबायला हवं. बून मित्रांबरोबर मेक्सिकोला गेला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची रात्र पिण्यात गेली, आणि सकाळी एक बाई किनाऱ्यावर रिकाम्या बाटल्या गोळा करताना दिसली, अनामत रकमेचे चार पैसे मिळतील म्हणून. गाणं त्यातून आलं. सुरुवातीला एकटी गिटार उड्या मारत येते, सीमेपलीकडच्या नाचगाण्याच्या ढंगात, काहीशी खट्याळ. मग बेस आणि ड्रम एकदम घुसतात आणि बूनचा आवाज येतो. तो गायकाचा आवाज नाही. सभेत मागच्या रांगेतून उठून बोलणाऱ्या माणसाचा आहे, भरदार आणि थोडा घोगरा. दोन-अडीच मिनिटांत दक्षिणेकडचं दारिद्र्य, उत्तरेकडची सुट्टी आणि गाणाऱ्याची स्वतःची शरम एवढं सगळं येऊन जातं. शेवटी बाटली उरते, ज्या बिअरच्या नावावरून गाण्याला नाव पडलं ती.

मिनटमेनच्या या संगीतावर पहिला आक्षेप पंकवाल्यांकडूनच आला: हे पंक आहे कुठे? ऐंशीच्या दशकारंभी लॉस एंजेलिसच्या परिसरात हार्डकोर नावाचा अधिक वेगवान, अधिक एकसुरी प्रकार माजला होता, आणि त्याच्या प्रेक्षकांना डोकी भादरलेली, पोशाख ठरलेला, ठेका ठरलेला हवा असे. तिथे अंगाने जाडजूड बून मंचभर उड्या मारी, फंक वाजवी, मध्येच क्रीडन्सचं जुनं गाणं म्हणे. लोक थुंकत. आक्षेप निव्वळ मूर्खपणाचा नाही. प्रत्येक संगीतप्रकाराला काही खुणा लागतात, नाहीतर शब्दाला अर्थ राहत नाही. पण पंकची खूण कोणती धरायची, वेग की परवानगी? वेग धरला तर 1982 पर्यंत पंक एक गणवेश होऊन बसलं होतं असंच म्हणावं लागेल. परवानगी धरली, तर ज्याला जे आवडतं ते त्याने आपल्या हाताने, आपल्या पैशात करावं एवढीच अट राहते, आणि मग स्टीली डॅनसारख्या गुळगुळीत बँडचं गाणं उचलून वाजवणारे मिनटमेन त्या गर्दीतल्या कुणाहूनही अधिक पंक ठरतात.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. ज्यांचा धर्म काटकसर, त्यांची सर्वांत गाजलेली कृती दोन तबकड्यांची, पंचेचाळीस गाण्यांची कशी? 'डबल निकल्स ऑन द डाइम' जुलै 1984 मध्ये आली. मिनियापोलिसच्या हुस्कर डू या मित्रबँडने 'झेन आर्केड' ही जोड-तबकडी करायला घेतल्याचं कळल्यावर यांनी चुरशीने आणखी गाणी रचली. म्हणजे मूळ प्रेरणा ईर्ष्या, तत्त्वज्ञान नव्हे. मात्र आकडे पाहा: ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग मिळून खर्च सुमारे अकराशे डॉलर, म्हणजे गाण्यामागे पंचवीस डॉलरही नाहीत. मिक्सिंग एका रात्रीत उरकलं. तीन बाजूंवर तिघांनी आपापल्या पसंतीची गाणी मांडली आणि उरलेल्यांच्या चौथ्या बाजूला चक्क 'चॅफ' म्हणजे कोंडा असं नाव देऊन टाकलं. कोंडा आहेच त्यात. काही तुकडे तालीमघरातच राहिले असते तर कुणाचं बिघडलं नसतं. पण हेही खरं की पंचेचाळीस छोट्या गाण्यांत एकही लांबवलेलं नाही. विस्तार संख्येत आहे, गाण्यात नाही. जोड-तबकडी म्हटली की रॉकवाले सहसा मोठ्या कथा, भव्य सुरावटी आणि वीस मिनिटांचे सोलो घेऊन येतात. मिनटमेननी तिच्यात व्हिएतनाम युद्ध, गोदामातली नोकरी, जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीतला सोळा जून, मायकल जॅक्सन आणि स्वतःच्या दोस्तीचा इतिहास अशी फुटकळ टिपणं भरली. मुखपृष्ठावर वॉट आपली फोक्सवॅगन चालवतोय, वेगाचा काटा ताशी पंचावन्न मैलांवर, समोर सॅन पेड्रोची पाटी. काटा, पाटी आणि आरशातले त्याचे हसरे डोळे तिन्ही एका चौकटीत यावेत म्हणून छायाचित्रकाराला फेऱ्या माराव्या लागल्या. पंचावन्न ही तेव्हाची कायदेशीर वेगमर्यादा. त्याच सुमारास रॉकगायक सॅमी हेगरने आपल्याला पंचावन्नने गाडी हाकवत नाही अशी तक्रार गाण्यातून केली होती. मिनटमेनचं उत्तर असं की गाडी आम्ही कायद्यात चालवू, धाडस संगीतात करू.

तिसरा आक्षेप सनातन: गरिबांची काटकसर ही सक्ती असते, तिला कला म्हणणं हा पोट भरलेल्यांचा चोचला. यात तथ्य आहे, आणि मिनटमेनना ते माहीत होतं. गोदामातल्या नोकरीवरच्या 'धिस एन्ट नो पिकनिक' या गाण्याचा व्हिडिओ त्यांनी 440 डॉलरमध्ये केला. रोनाल्ड रेगनच्या जुन्या युद्धपटातली दृश्यं त्यात अशी जोडली की खुद्द राष्ट्राध्यक्ष विमानातून या तिघांवर गोळ्या झाडताहेत असं दिसावं. एमटीव्ही या संगीतवाहिनीने तो दाखवला. म्हणजे दार थोडं किलकिलं झालं होतं. 1985 मध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट: मर्श' ही तबकडी काढली, मर्श म्हणजे कमर्शियल. तिच्यावर लांब गाणी आहेत, ध्रुवपदं आहेत, ट्रम्पेट आहे, हळूहळू विरत जाणारे शेवट आहेत. मुखपृष्ठावर कंपनीचे साहेब विक्रीचे मनसुबे रचत बसलेले. निम्मी थट्टा, निम्मा प्रामाणिक प्रयोग. ती आधीच्या जोड-तबकडीहून कमी खपली. मला ती ऐकताना हे स्पष्ट दिसतं की पैसा आणि वेळ मिळाल्यावर बँड बिघडला नाही, पण सैलावला. गाणी वाईट नाहीत, फक्त त्यांत श्वास घ्यायला इतकी जागा आहे की तिघांची चढाओढ दिसेनाशी होते. सक्तीतून आलेली शिस्त सक्ती गेल्यावर आपोआप टिकत नाही, एवढं आक्षेपकाला द्यायला हवं. पण सक्ती सगळ्याच गरीब बँडांवर होती, आणि त्यातल्या बहुतेकांनी महागड्या रॉकची स्वस्त नक्कल केली.

1985 च्याच अखेरीस 'थ्री-वे टाय (फॉर लास्ट)' ही तबकडी आली. पुढची तबकडी तिहेरी, अर्धी प्रत्यक्ष कार्यक्रमांतली असावी असा बेत होता, आणि त्यात कोणती गाणी घ्यावीत यासाठी त्यांनी आवरणात मतपत्रिका घातली. डिसेंबरात आर.ई.एम. या रॉक बँडच्या आधी वाजवत त्यांचा दौरा संपला. 22 डिसेंबर 1985 रोजी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात व्हॅनचा आस तुटला. तापाने फणफणलेला बून मागे झोपला होता, तो बाहेर फेकला गेला आणि मरण पावला. सत्तावीस वर्षांचा होता. मतपत्रिका येतच राहिल्या, आणि 1987 मध्ये 'बॅलट रिझल्ट' या नावाने रेडिओवरच्या, तालमीतल्या, कार्यक्रमांतल्या टेपा जुळवून ती मागणी पुरी केली गेली. वॉटने बेस खाली ठेवला होता. एड क्रॉफर्ड नावाचा ओहायोचा एक चाहता उठून सॅन पेड्रोला येऊन थडकला आणि त्याच्या आग्रहातून वॉट आणि हर्लीचा फायरहोज हा बँड निघाला. 2001 मध्ये मायकल अ‍ॅझराडने अमेरिकेतल्या भूमिगत बँडांवर जो ग्रंथ लिहिला, त्याचं नाव मिनटमेनच्या गाण्यातल्या ओळीवरून घेतलेलं आहे.

पण प्रसिद्धी आली ती दुसऱ्याच वाटेने. 2000 साली एमटीव्हीने 'जॅकअ‍ॅस' हा अंगावर दुखापती ओढवून घेण्याचा टवाळ कार्यक्रम सुरू केला आणि त्याच्या शीर्षकाला 'कोरोना'चे आरंभीचे काही सेकंद लावले. त्यांचं 'लव्ह डान्स' हे गाणं एका मोटार कंपनीच्या जाहिरातीत गेलं. विकले गेले, अशी ओरड झाली. या निमित्ताने बूनच्या वाट्याचे पैसे त्याच्या वडिलांना मिळाले, हे ओरडणाऱ्यांना ठाऊक नसावं. मला टोचतं ते निराळंच. गाणं इतकं आटवलेलं असलं की त्याचा कोणताही तुकडा सुटा काढता येतो, आणि सुटा तुकडा कशालाही चिकटतो. बाटल्या वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचायच्या आधीच गाणं कापलं जातं, आणि उरलेली खट्याळ गिटार खरोखरच नुसती खट्याळ वाटते. लांब गाण्यावर असा अन्याय करणं इतकं सोपं नसतं. मिनटमेनच्या हिशेबात हा खर्च कुठेच मांडलेला नाही, आणि तो छोटा नाही.