एक जागा, एक वर्ष, छत्तीस फोटो

१९१२ साली दादासाहेब फाळके इंग्लंडमध्ये चलच्चित्रणाचा कॅमेरा खरेदी करून मुंबईला परतले. चित्रपट काढायचा तर भांडवल हवे. पण अशा नव्या तंत्रात पैसे कोण घालणार? फाळक्यांनी यावर केलेला उपाय विज्ञानाच्या शिक्षकाला शोभणारा होता. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा त्याच्यावर रोखला आणि ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत गेले. एरवी डोळ्यांना न दिसणारी रोपाची वाढ पडद्यावर सलग दिसू लागली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लहानशा चित्रपटाने लोकांची खात्री पटवली, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्या चित्रपटाचे शिल्लक राहिलेले भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केले आहेत.

फाळक्यांचा हा वाटाणा म्हणजे आपल्याकडचा छायाचित्रणाचा एक उत्तम प्रकल्पच होता. त्यात तीन गोष्टी होत्या : कॅमेऱ्याची जागा ठरलेली, वेळेचे अंतर ठरलेले आणि काय दाखवायचे तेही ठरलेले. विद्यार्थ्यांकडून छायाचित्रांचा प्रकल्प करून घेताना नेमक्या याच तीन गोष्टी आपण विसरतो. ‘निसर्ग’ किंवा ‘माझे शहर’ असा विषय देतो आणि आलेल्या फोटोंतून सर्वांत देखणा निवडतो. मग बहुधा ज्याच्या घरी भारी कॅमेरा किंवा महागडा मोबाइल, त्याचा नंबर येतो. मुलाने काय पाहिले, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

म्हणून वेगळ्या प्रकारचा प्रकल्प सुचवावासा वाटतो : एकाच जागेचे, एकाच ठिकाणी उभे राहून, वर्षभर दर आठवड्याला एक असे फोटो. फिल्मच्या एका रोलवर छत्तीस फोटो निघत. शाळेचे वर्ष जूनच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत धरले, तर सुट्ट्या वगळून साधारण तितकेच आठवडे हाती येतात. मोबाइलवर फोटोंना तोटा नसतो, पण गटाला छत्तीसच फोटो मिळतील असे ठरवून द्यावे. संख्या कमी असली की मुले बटण दाबण्याआधी विचार करतात.

प्रश्न आधी, फोटो नंतर

पुण्यातल्या शाळांसाठी मुठा नदी हा हाताशी असलेला विषय आहे. लकडी पूल ते ओंकारेश्वर या टापूत पात्राकडे पाहण्याच्या कितीतरी जागा आहेत. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली गेला का, हे पुणेकर एकमेकांना विचारतात. म्हणजे हा पूल आपण नकळत मोजपट्टीसारखा वापरतो. मुळा-मुठेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. या प्रकल्पावर शहरात मतभेद आहेत. बाजू कोणतीही असो, काठ पूर्वी कसा होता आणि तो कसकसा बदलत गेला, याची शांतपणे केलेली नोंद दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल. ती मुले करू शकतात.

पण ‘मुठा नदी’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. प्रश्न असे हवेत : धरणातून विसर्ग वाढला की घाटाच्या किती पायऱ्या बुडतात? जलपर्णी कोणत्या महिन्यात दिसू लागते आणि कधी नाहीशी होते? काठावरच्या एका झाडाची पाने कधी गळतात, नवी पालवी कधी येते? नदी दूर असेल तर शाळेच्या आवारातले झाडही चालेल. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर फोटोत डोळ्यांनी पाहता यावे, शक्य तर मोजता यावे.

तीच जागा पुन्हा कशी सापडते?

‘पुलाच्या कठड्याजवळ उभे राहून’ एवढी नोंद पुरत नाही. दोन हात बाजूला सरकले तरी चित्र बदलते. यावर सोपी युक्ती आहे. जवळची आणि दूरची अशा दोन वस्तू निवडा, उदाहरणार्थ दिव्याचा खांब आणि पलीकडच्या काठावरील इमारतीचा कोपरा. खांब बरोबर त्या कोपऱ्यावर आलेला दिसतो, तेव्हा आपण त्या दोघांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर असतो. पण रेषेवर कुठे? ते ठरवायला चित्राच्या दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी घ्या. दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात आणि तोच आपला बिंदू. वर्गात शिकवलेली भूमिती इथे कामाला येते. पहिल्या फोटोची प्रत सोबत नेऊन या दोन्ही जोड्या जुळवून पाहाव्यात. आल्प्समधील हिमनद्यांचे बदल नोंदवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी ‘तीच जागा, पुन्हा फोटो’ ही रीत वापरली जाऊ लागली आणि आजही ती वापरात आहे.

जमिनीपासून कॅमेऱ्याची उंची दर वेळी सारखी ठेवावी. त्यासाठी खुणेची काठी पुरते. मोबाइलचा झूम वापरू नये. मोबाइल आडवा की उभा, हे पहिल्याच दिवशी ठरवावे.

वेळही ठरलेली हवी. तरीही घड्याळात तीच वेळ म्हणजे तोच प्रकाश, असे मात्र नाही. पुण्याचे रेखांश सुमारे ७३.९ अंश पूर्व, तर भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांची. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पुण्याची मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास होते आणि वर्षभरात ती पंधरा-सोळा मिनिटे मागेपुढे सरकते. पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५ अंश. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवरच राहतो, तर जूनच्या अखेरीस तो उत्तरेकडे ८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या फोटोत पाणी काळे दिसले, तर ते घाण झाले की पुलाची सावली पडली, हे आधी तपासावे लागेल. अनेक मुलांना हा मुद्दा फोटो शेजारी ठेवल्यावरच उमगेल.

सुरक्षेची बाब इथेच सांगितली पाहिजे. फोटो पुलाच्या पदपथावरून, कठड्याच्या आत राहून, शिक्षक बरोबर असतानाच काढायचे. विसर्ग चालू असताना घाटावर किंवा पात्रात उतरायचे नाही. काठावर राहणाऱ्या, कपडे धुणाऱ्या माणसांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय टिपायचे नाहीत. आपला अभ्यास हे कोणाच्या खासगी आयुष्यात डोकावण्याचे निमित्त होऊ नये.

वहीशिवाय फोटो मुका

प्रत्येक फोटोमागे वहीत एक ओळ हवी : तारीख, वेळ, आकाश कसे होते, फोटो कोणी काढला, आणि त्या दिवशी वर्तमानपत्रात दिलेला खडकवासल्याचा विसर्ग. विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये असतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. म्हणजे १०,००० क्युसेक विसर्ग म्हणजे सेकंदाला जवळजवळ २ लाख ८३ हजार लिटर पाणी. शाळेची टाकी किती लिटरची हे माहीत असेल, तर ती अशा विसर्गाने किती वेळात भरेल, हे गणित मुले आनंदाने करतील.

पाणी कमी असताना मोठ्या माणसाने घाटाच्या एका पायरीची उंची मोजून ठेवावी. समजा ती १५ सेंटिमीटर निघाली आणि या आठवड्याच्या फोटोत मागच्यापेक्षा चार पायऱ्या कमी दिसत असतील, तर पाणी ६० सेंटिमीटर चढले. फोटो आता चित्र राहत नाही, मोजमाप होते.

जलपर्णीसाठी पारदर्शक कागदावर दहा गुणिले दहा चौकोन आखून तो फोटोवर ठेवा आणि किती चौकोन हिरवे आहेत ते मोजा. मात्र ‘नदीचा ४० टक्के भाग व्यापला’ असे लिहू नका. फोटोत दूरचा भाग लहान दिसतो, त्यामुळे वरचा एक चौकोन खालच्या चौकोनापेक्षा बरेच मोठे क्षेत्र दाखवतो. तेच चौकोन महिन्यागणिक कसे बदलतात, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते.

मूल्यमापन कशाचे?

पन्नास गुणांची एक विभागणी अशी करता येईल.

प्रश्न स्पष्ट आणि फोटोने उत्तर मिळण्याजोगा आहे का : १० गुण.
जागा, उंची, चौकट आणि वेळ यांचे सातत्य : १५ गुण.
वहीतील नोंदी : १० गुण.
निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का : १० गुण.
मांडणी : ५ गुण.

कॅमेऱ्याला, रंगांना, चकचकीत छपाईला गुण नाहीत. हे मुलांना जूनमध्येच सांगावे, मार्चमध्ये नव्हे.

निष्कर्षांचे दहा गुण देताना सर्वांत जास्त वेळ घ्यावा. ‘पाण्यावर फेस दिसतो’ हे निरीक्षण आहे. ‘कारखान्याने रसायन सोडले’ हा निष्कर्ष फोटोतून निघत नाही; त्यासाठी पाण्याचे नमुने तपासावे लागतील. प्रत्येक विधानापाशी ‘हे तुला कशावरून कळले?’ असे विचारावे. मुलाने फोटोवर बोट ठेवून उत्तर दिले तर गुण पूर्ण. ‘फोटोवरून हे सांगता येत नाही’ असे तो स्वतःच म्हणाला, तरीही गुण पूर्ण.

आणखी एक कसोटी प्रामाणिकपणाची. छत्तीस फोटोंतले सर्वांत गलिच्छ तीन निवडून ‘मुठेची दुर्दशा’ असा फलक करणे फार सोपे आहे, आणि सर्वांत सुंदर तीन निवडून ‘आमची निर्मळ नदी’ असा करणेही तितकेच सोपे. दोन्हींतला प्रत्येक फोटो खरा असेल आणि तरीही फलक खोटे बोलेल. निवड करतानाच माणूस आपले मत आत घुसवतो. म्हणून नियम असा की सर्व फोटो लागतील. ज्या आठवड्यात फोटो राहिला, तिथे कोरा कागद लावून कारण लिहायचे. हलल्यामुळे अंधूक झालेला फोटोही त्याच्या जागी राहील. रिकामी जागा लपवली नाही, म्हणून गुण कापायचे नाहीत.

गटांनी एकमेकांच्या वह्या तपासाव्यात. दुसऱ्या गटाची नोंद वाचून ती जागा त्यांना शोधता आली, तर नोंद चांगली. शिक्षकाच्या शेऱ्यापेक्षा ही परीक्षा मुलांना जास्त पटते.

मांडणी

बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात छायाचित्रांची प्रदर्शने भरत आली आहेत. तिथे बहुधा एकेका फोटोपुढे थांबून त्याचा आस्वाद घ्यायचा असतो. आपले प्रदर्शन वेगळे आहे. ते ओळीने वाचायचे आहे. सर्व फोटो एकाच आकारात छापून घ्यावेत, पोस्टकार्डाएवढे पुरतात. व्हरांड्यात सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी ते तारखेच्या क्रमाने, पाहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावेत. प्रत्येकाखाली फक्त तारीख आणि विसर्ग. त्याच ओळीखाली विसर्गाचा आलेख काढला, तर चित्र आणि आकडा एका नजरेत येतात. टेबलावर वह्या उघड्या ठेवाव्यात. निष्कर्षांचा कागद ओळीच्या शेवटी असावा, सुरुवातीला नको. पाहणाऱ्याला स्वतः काही शोधायची संधी मिळू द्यावी.

२८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, हा प्रदर्शनाला चांगला मुहूर्त आहे. तोवर छत्तीस फोटो पुरे झाले नसतील, तर उरलेल्या चिमट्यांना कोरे कागद लावून ओळ तशीच मांडावी. अपुरे काम चालू असताना दाखवण्यात कमीपणा नाही.

प्रदर्शनाला परिसरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून बोलवावे. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. अनेक घरांत त्या पुराचे किंवा जुन्या नदीकाठाचे फोटो असतील. मालकाची परवानगी घेऊन त्यांची प्रत करावी आणि जोड्या जुळवण्याची युक्ती वापरून आज तीच जागा शोधावी. पुढच्या वर्षीच्या गटाला हा तयार प्रकल्प आहे.

वर्ष संपल्यावर फाइलींना तारीख आणि जागा यांवरून नावे द्यावीत, दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि छापील संच वहीसकट शाळेच्या ग्रंथालयात द्यावा. मोबाइल बदलतात, मुले शाळा सोडून जातात, कपाटातली वही मात्र सापडते. तिच्यात जागेची नोंद नीट असेल, तर दहा वर्षांनी येणारे विद्यार्थीही त्याच बिंदूवर उभे राहून सदतिसावा फोटो काढू शकतील.

सुरुवातीला एक वर्ग, एक जागा आणि एक साधा मोबाइल एवढेच हवे. जूनमध्ये शाळा भरली की पहिल्याच आठवड्यात मुलांना घेऊन जागा निवडायला निघावे. पावसाळ्यातले फोटो हुकले, तर त्यांच्यासाठी वर्षभर थांबावे लागते.