रेवदंड्याचं परदेशी शहर

परदेशी शहर पाहायला पासपोर्टच हवा असं थोडंच आहे? अलिबागहून एस.टी.नं रेवदंड्याला उतरा. नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये पोर्तुगीजांचं चौल अजून उभं आहे. तटबंदी आहे, चर्चच्या ओक्याबोक्या भिंती आहेत आणि सातखणी बुरूजही. नावाला बुरूज, प्रत्यक्षात तो सांता बार्बरा चर्चचा मनोरा. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी इथं किल्ला बांधायला घेतला. १७४० मध्ये शहर मराठ्यांच्या हाती गेलं.

दुपारी साळावचा पूल ओलांडून कोर्लईला जा. किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्तीत जरा कान देऊन ऐका. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी! गावकरी या बोलीला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. राज्यकर्ते जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी ती साध्या माणसांच्या चुलीपाशी टिकली.

आता मात्र शाळा, बाजार, चर्चमधली प्रार्थना, सारं मराठीत. बोली उरली घरापुरती. ढासळत्या मनोऱ्याची डागडुजी सरकार करू शकेल. पण आईनं मुलाशी बोलायची थांबवलेली भाषा कोण सावरणार?